हिच्या लक्झेंबर्गला जाण्यास माझी हरकत नाही

१९ ऑगस्ट २०२२, शुक्रवार

आज भाजीत मीठ दोनदा पडलं. श्यामनं ती मुकाट्यानं खाल्ली, त्याचाही मला राग आला.

मला लक्झेंबर्गला जायचंय. मी, फरजाना आणि नयना. नवरे नाहीत, मुलं नाहीत, कुणाच्या गोळ्या सांभाळायच्या नाहीत की कुणाचा चहा. दोह्याहून विमानानं ब्रसेल्स, तिथून आगगाडीनं नामूर, आर्लों करत लक्झेंबर्ग, आणि मग त्या टीचभर देशात नुसतं गाडीत बसून हिंडायचं. तिथे ट्रेन, ट्राम, बस सगळं फुकट आहे, पाहुण्यांनासुद्धा. पहिल्या वर्गात बसायचा माज केला नाही की झालं. नाशिकला शाळेत भूगोल शिकवत होते तेव्हा भिंतीवरच्या नकाशात या देशाचं नाव देशात मावायचं नाही. ते बाहेर लिहून बाण काढलेला असायचा. पोरं हसायची. मी तेव्हाच मनात म्हटलं होतं, या बाणाच्या टोकाला एकदा जाऊन यायचं.

आता माझ्या मार्गात कोण आडवं आलं? माझा नवरा. तोही स्वतः नव्हे, कागदावरचा. मी त्याच्या रेसिडन्सीवर कतारमध्ये राहते, म्हणजे तो माझा स्पॉन्सर. व्हिसा सेंटरवाले म्हणतात, स्पॉन्सरचं एनओसी आणा. त्यानं लिहून द्यायचं, हिच्या जाण्यास माझी हरकत नाही. सोबत त्याच्या कंपनीचं सर्टिफिकेट जोडायचं, की हा इसम आमच्याकडे नोकरीला आहे. मी चौपन्न वर्षांची बाई आहे! एका मुलीला, अंतराला, वाढवून, शिकवून पुण्यात नोकरीला लावलं आहे. इथल्या निम्म्या मराठी पोरांचं गणित आणि हिंदी माझ्या शिकवण्यांमुळे उभं आहे. आणि मला चिठ्ठी आणायची, शाळेतल्या पोरीनं सहलीसाठी आणावी तशी.

बरं, मागितली. श्याम म्हणाला, "बघतो."

बघतो? आमच्या लग्नाच्या वेळी याच माणसानं माझ्या बाबांना तोंडावर सांगितलं होतं, मला काय विचारता, मुलीला विचारा. त्याच एका वाक्यावर मी भाळले होते. व्हिसा सेंटरची २९ सप्टेंबरची तारीख मिळाली आहे, तीही मोबाइलला गोचिडीसारखं चिकटून बसल्यावर. तोवर याचं बघून व्हावं म्हणजे मिळवली.

२४ ऑगस्ट, बुधवार

फरजानाकडे अल मन्सूराला गेले होते. तिच्या समोरच्या इमारतीतले भाडेकरू घरमालकानं पार बाहेर काढले आहेत. खोल्या रंगवून फुटबॉलच्या पाहुण्यांना द्यायच्यात म्हणे. गाद्या रस्त्यावर पडल्या होत्या. ज्यांनी गाव बांधलं त्यांनाच गावात जागा नाही. मी गॅलरीत उभी राहून मोठ्यानं म्हटलं, तर फरजानानं मला हाताला धरून आत ओढलं.

फरजाना रत्नागिरीची. इथे येऊन वीस वर्षं झाली तरी एकटीनं कुठे गेलेली नाही. तिचे यजमान मन्सूरभाई एका ट्रेडिंग कंपनीत क्लार्क आहेत. माणूस भला, पण काळजीखोर.

"ताई, तिकडच्या थंडीत हिचे गुडघे धरतील."

"इथल्या एसीत धरतात, त्याचं काय करता?"

"नि खाण्याचा? हलाल कुठं शोधाल?"

"मी भाकऱ्या नि सुक्या बोंबलाची चटणी नेईन की," फरजाना स्वयंपाकघरातून म्हणाली.

"बोंबील? ट्रेनमदी?" मन्सूरभाईंनी डोक्याला हात लावला. "देश रिकामा कराल त्यांचा!"

मग ती माझ्याजवळ बसून हळूच म्हणाली, "मना गाडीची भीती नाय गो ताई. मना बदलीची भीती वाटते. एक गाडी सोडून दुसरीत बसायचा, नि आपून चढायच्या आत दरवाजा लागला तर?"

हा प्रश्न मला आवडला. आमच्या बायकांना घरातून घरात, गाडीतून गाडीत असं नेलं-आणलं गेलं आहे. मधल्या फलाटावर आपलं आपण उभं राहायची सवयच नाही. म्हटलं, त्याची तालीम करू. दोह्यात मेट्रो आहे ना, तिचा काही उपयोग होऊ दे.

श्यामला परत विचारलं. "आठवण आहे," म्हणाला.

३१ ऑगस्ट, बुधवार. गणेश चतुर्थी

श्यामनं आज चक्क रजा घेतली. स्टेडियमच्या छताच्या कामावर लागल्यापासून इतक्या वर्षांत गणपतीला हा माणूस कधी घरी नव्हता. आरती झाली की मी मोबाइलवर फोटो पाठवायचे आणि तो साइटवरून हात जोडल्याचं चित्र पाठवायचा. यंदा स्पर्धा तोंडावर आलेली, आणि यंदाच रजा मिळते! मी म्हटलंसुद्धा, "आता गरज सरो नि वैद्य मरो असं झालं वाटतं तुमच्या कंपनीचं." तो समईत तेल घालत होता. वाती सारख्या करू लागला.

संध्याकाळी नयना आणि तिचा नवरा कुशल आले. कुशल श्यामच्याच हाताखाली तयार झालेला, आता त्याच कंपनीत बऱ्यापैकी वर चढला आहे. एरवी घरात शिरल्या शिरल्या "सर, आज काय झालं माहितीये" सुरू करतो. आज वाकून श्यामच्या पाया पडला आणि सोफ्याच्या टोकाला बसून राहिला. कानामागून आली नि तिखट झाली, तसं काहीसं असावं. बढती मिळाली असेल आणि सांगायला संकोच वाटत असेल. नयनानं मिठाईचे तीन मोठे डबे आणले, वर फळांची परडी. मी मागच्या महिन्यात तिच्यासाठी आणलेल्या साडीचे पैसेही आजच घाईघाईनं हातात कोंबले. हे असं प्रदर्शन मला सोसत नाही. जाताना तिनं मला मिठी मारली ती सोडेचना. "ताई, काही लागलं तर मला सांगाल ना?" मला काय लागणार? मला एक पत्र लागणार आहे, आणि ते तिच्याकडे नाही.

तिचं एनओसी कुशलनं पहिल्याच दिवशी लिहून दिलं होतं.

७ सप्टेंबर, बुधवार

वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी नवरा सुधारला आहे. दारातल्या पायपुसण्यावर रोज वाळूचा ढीग पडायचा, तो बंद झाला. आता पॉलिश केलेले बूट घालून जातो. छताचं काम संपलं, आता ऑफिसात बसायचं असतं म्हणे. हेल्मेट कपाटावर लोळत पडलं होतं, मी त्यात कांदे ठेवायला सुरुवात केली आहे. डबा चाटूनपुसून रिकामा येतो. पूर्वी अर्धी पोळी, भाजीचा कोपरा हमखास परत यायचा, का तर मीटिंग होती.

कंपनीची गाडी काढून घेतली, म्हणून मेट्रोनं जातो. त्याबद्दल मी त्याच्या मॅनेजरला, बशीरला, फोन करणार होते. इतक्या जुन्या माणसाला उन्हात चालायला लावायचं म्हणजे काय? श्यामनं माझ्या हातातून फोन जवळजवळ हिसकावून घेतला. "तू यात पडू नकोस." पण मेट्रोचा त्याला लळाच लागला आहे. कुठल्या स्टेशनाबाहेर दुपारी सावली असते, कुठला गार्ड नेपाळचा, कुठला केनियाचा, सगळं पाठ. एका माणसाला कामावर जायला इतकी स्टेशनं कशी लागतात देव जाणे. मला काय त्याचं.

एकच गोष्ट बिघडली आहे. गुरुवारी संध्याकाळी तो शीळ घालत यायचा. शुक्रवार-शनिवारची सुट्टी म्हटली की लहान पोरासारखा खुलायचा. हल्ली गुरुवार काय नि रविवार काय, त्याला सारखंच.

पत्र? "एचआरची गडबड आहे गं, वर्ल्ड कपमुळे." या वर्ल्ड कपनं माझा अगदी पिच्छा पुरवला आहे.

१४ सप्टेंबर, बुधवार

मन्सूरभाईंनी पत्र दिलं! फरजानानं नाचत आणून दाखवलं. "माझी पत्नी फरजाना हिच्या लक्झेंबर्गला जाण्यास माझी हरकत नाही, मात्र तिने प्रत्येक स्टेशनवरून मला फोन करावा." मी दुसरं अर्धं वाक्य काढून पुन्हा टाईप करून घ्यायला लावलं. कंपनीचं सर्टिफिकेटही त्यांनी एका दिवसात आणलं.

म्हणजे आता तिघींत मीच उरले. ज्या मन्सूरभाईंना मी गेले महिनाभर मागासलेले म्हणते आहे त्यांनी दिलं, आणि माझा पुरोगामी नवरा, जो आल्यागेल्याला स्त्रीशिक्षणावर व्याख्यान देतो, त्याचं घोडं कुठे पेंड खातंय कळत नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान! मी सगळं सरळ तोंडावर सांगितलं. तो ऐकून घेत उभा राहिला. भांडला असता तर बरं वाटलं असतं.

मग नयनाकडे गेले. "कुशलला सांग, श्यामचं नोकरीचं सर्टिफिकेट त्यानंच ऑफिसातून घेऊन यावं. एक कागद तर आणायचा आहे."

"मी नाही सांगू शकत, ताई."

"का? तोंड आहे ना तुला?"

ती रडायलाच लागली. आईची तब्येत बरी नाही म्हणाली. मागच्याच आठवड्यात गणपतीच्या व्हिडिओत तिची आई फुगडी घालत होती. पण रडणाऱ्या बाईला काय बोलणार? पाठीवर हात फिरवून परत आले. आजकालच्या मुलींना एवढंसं काम सांगितलं तरी पेलवत नाही.

२० सप्टेंबर, मंगळवार

तालीम ठरली. रविवारी सकाळी बॅगा घेऊन मन्सूरा स्टेशनवर जमायचं, ग्रीन लाइननं शेवटपर्यंत जायचं, चढायचं, उतरायचं, परत यायचं. बॅगा भरलेल्या हव्यात. रिकामी बॅग कुणीही ओढतं.

जेवताना श्यामला सांगितलं. पहिल्यांदाच त्यानं माझ्या प्रवासात रस घेतला.

"रविवारी? किती वाजता?"

"दहाला."

"कुठल्या लाइनला म्हणालीस?"

"ग्रीन. मन्सूराला दुसरी कुठली आहे?"

"ग्रीन. नक्की ना?"

थोड्या वेळानं पुन्हा विचारलं. मला बरं वाटलं. दगडालाही पाझर फुटतो.

२५ सप्टेंबर, रविवार

सगळं जसं घडलं तसंच लिहिते, नाहीतर उद्या माझाच माझ्यावर विश्वास बसायचा नाही.

तालीम झकास सुरू झाली. फॅमिलीच्या डब्यात आम्ही तिघी आणि तीन बॅगा. फरजानानं बॅगेत तांदूळ भरून आणले होते, वजनासाठी. पहिल्या स्टेशनला ती दारातच अडखळली, दुसऱ्याला सावरली, तिसऱ्याला तिनं नयनाला खेचून बाहेर काढलं. माझ्यातली शिक्षिका खूष झाली आणि तिथेच मला सुचलं की फरजानाला भीती बदलीची आहे, आणि एकाच लाइनवर बदली कशी होणार? म्हटलं, चला, मागे मुशैरिबला जाऊ, रेड लाइन पकडू आणि थेट वक्राला जाऊ. नयना म्हणाली, "नको ताई, ग्रीनच ठरलं होतं ना." मी म्हटलं, परदेशात ठरलेलं काही होत नसतं. यल्ला!

वक्रा म्हणजे लाइनचं टोक. उतरलो. बाहेर पडून परत आत यायचं, म्हणजे तालीम पुरी, असं मी ठरवलं होतं. सरकते जिने उतरून बाहेर आलो तर ऊन नुसतं भाजत होतं. स्टेशनाच्या भिंतीला हातभर सावली होती. त्या सावलीत एक माणूस भिंतीकडे अर्धी पाठ करून उभ्या उभ्या डबा खात होता. मेट्रोत खायला बंदी आहे ना, म्हणून बाहेर. इस्त्रीचा निळा शर्ट होता. गळ्यात कंपनीचं कार्ड होतं. डब्यात भेंडीची भाजी होती, सकाळी मी केलेली.

मी म्हटलं, "श्याम?"

त्यानं आधी डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाला, "सुहास, तुम्ही ग्रीन लाइननं जाणार होतात ना?"

"तुझी साइट आहे का इथे?"

"नाही."

"ऑफिस?"

"नाही."

माझ्या मागे नयना हुंदके द्यायला लागली आणि तेव्हा माझ्या डोक्यात एकेक गोष्ट जागेवर पडत गेली. मिठाईचे डबे, बूट, कांद्याचं हेल्मेट. मी तिच्याकडे वळून म्हटलं, "तुला माहीत होतं." ती मान हलवत होती. मला त्या क्षणी तिच्या, त्याच्या, सगळ्या कतारच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. दिली नाही. 

फरजाना पुढे झाली. "भावजी, ऊन किती हाय. आत चला," म्हणाली आणि एका हातात माझी बॅग, एका हातात तिची तांदळाची, अशी चालायला लागली. परतीच्या गाडीत आम्ही चौघं ओळीनं बसलो.  मुशैरिब आलं तेही मला कळलं नाही. "बदली, ताई, बदली!" म्हणत फरजानानं आम्हा सगळ्यांना उठवलं, दुसऱ्या फलाटावर नेलं आणि गाडीत चढवलं.

२६ सप्टेंबर, सोमवार. घटस्थापना

काल घरी आल्यावर श्याम बोलला. जुलैच्या सुरुवातीला बोलावून सांगितलं. प्रोजेक्ट पुरा झाला, तुमचे आभार. शुक्रन, खलास. त्याला वाटलं, पंधरा-वीस दिवसांत दुसरीकडे लागेन आणि मगच सांगेन. पण सगळ्यांचीच कामं संपत आली आहेत, अठ्ठावन्न वर्षांच्या माणसाला कोण घेणार? नोव्हेंबरअखेर रेसिडन्सी जाईल. अंतराला पुण्यात काही कळवलेलं नाही.

ज्या छतासाठी आठ वर्षं उन्हात भाजला, त्या छताखाली पहिली शिट्टी वाजायच्या आत याला हाकललं. हा राग वेगळा आहे, तो मी त्याच्या कंपनीसाठी राखून ठेवला आहे. पण श्यामवरचा हा राग माझा आहे.

"मला का नाही सांगितलंस?"

"तू लक्झेंबर्ग सोडून दिलं असतंस."

"मग पत्र का दिलं नाहीस?"

"त्यात मी नोकरीला आहे असं लिहावं लागतं, सुहास. वकिलातीला खोटं कसं लिहिणार?"

वकिलातीला खोटं लिहायचं नाही! ज्या वकिलातीचं तोंडही पाहिलेलं नाही तिच्याशी हरिश्चंद्र, आणि जी बाई रोज पहाटे उठून भेंडी चिरते तिच्याशी तीन महिने थापा. सकाळी बूट घालायचे, मला टाटा करायचा आणि दिवसभर मेट्रोत या टोकाहून त्या टोकाला जायचं. कुशलला माहीत, नयनाला माहीत, बशीरला माहीत. त्या केनियाच्या गार्डलासुद्धा माहीत असेल. मीच एक अडाणी.

आणि मला सारखं ते दिसतं, भिंतीकडे पाठ करून खाणं. का उभा राहायचास तिथे? घरी यायचंस ना, गरम वाढलं असतं. हे मी त्याला ओरडून म्हटलं आणि मग रडले. तो माझ्याजवळ बसून राहिला. आज त्याला डबा दिला नाही. ताट वाढलं.

२९ सप्टेंबर, गुरुवार

गेले मी व्हिसा सेंटरला. तारीख माझी होती, का सोडू? श्यामनं पत्र लिहिलं, हातानं, सुंदर अक्षरात. "माझी पत्नी सुहासिनी हिच्या लक्झेंबर्गला जाण्यास माझी हरकत नाही. मी सध्या नोकरीत नाही." खरं तेच.

फरजाना आणि नयनाच्या फायली चटकन गेल्या. माझ्या फायलीशी काउंटरवरची मुलगी थबकली.

"मॅम, स्पॉन्सरचं एम्प्लॉयमेंट सर्टिफिकेट?"

"तो नोकरीत नाही, असं लिहिलंय ना. मी स्वतः कमावते. शिकवण्या घेते."

"पण तुमची रेसिडन्सी त्यांच्यावर आहे. आणि ती नोव्हेंबरमध्ये संपतेय. परत आल्यानंतरही शिल्लक असावी लागते."

"म्हणजे त्याची नोकरी गेली तर माझे पायही गेले?"

"नियम आहे, मॅम."

मी तिला खूप बोलले. मी इंग्रजीत बोलायला सुरुवात केली होती, मध्येच मराठीत कधी गेले कळलंच नाही. ती बिचारी फिलिपिनो, कावरीबावरी होऊन बघत राहिली. तिला बोलून काय उपयोग? पण मग कुणाला बोलायचं? या सगळ्या रगाड्यात ज्याला बोलावं असा माणूस कधी काउंटरवर बसतच नाही. फाइल परत घेऊन आले. श्याम बाहेर खुर्चीवर बसला होता. माझा चेहरा बघून उठून उभा राहिला आणि म्हणाला, "माझ्यामुळे." मी म्हटलं, "तुझ्यामुळे नाही, गप्प बस." आणि मग जिन्यात म्हटलं, "थोडं तुझ्यामुळेही."

१३ ऑक्टोबर, गुरुवार

दोघींचे व्हिसा आले. लगेच नाटक सुरू. "तुमी नाय तर मी पण नाय," फरजाना म्हणाली. नयना तर आल्यापासून माफीच मागते आहे. मी दोघींना अशी झापली की बस. मन्सूरभाईंसारख्या माणसाकडून पत्र काढलंत ते काय फ्रेम करून लावायला? जायचं म्हणजे जायचं. तीन नोव्हेंबरला निघा.

सबंध दुपार त्यांना नकाशा शिकवला. दिवसवार आखून दिलं. शुक्रवारी-शनिवारी शहर, आरामात. रविवारी सकाळच्या गाडीनं उत्तरेला एटेलब्रुक, तिथे बदलून क्लेर्व्हो, बाजारात जेवण, किल्ला, संध्याकाळी परत. माझ्या आखणीत फट शोधून दाखवावी कुणी!

घरी आमचीही बांधाबांध चालू आहे. बारा नोव्हेंबरचं विमान, नाशिकला. पहिला सामना वीसला. श्यामला मी म्हटलं, एखादं तिकीट बघायचं का, तेवढ्यासाठी थांबू. म्हणाला, "छत मी पाहिलंय."

६ नोव्हेंबर, रविवार

सकाळपासून खोकी भरत होतो. फोन वाजला, फरजाना.

"ताई, तुमची गाडी नाय!"

"नाही म्हणजे? एटेलब्रुकला उतरलात ना?"

"उतरलो. तुमी लिवलेली गाडी फळ्यावर नाय. गाव बंद हाय, दुकाना बंद, हॉटेल बंद. एक म्हातारा कुत्रा घेऊन चाललाय, तेवढाच. आज त्यांचा रविवार हाय, ताई!"

मी मटकन खोक्यावर बसले. त्यांचा रविवार. सतरा वर्षं रविवारी सकाळी डबे भरले, आठवडा सुरू केला, आणि भूगोलाच्या बाईला रविवारी जगात सुट्टी असते याचा साफ विसर पडला. शहरात बाजार बघायचे ते दोन दिवस मी आरामाला दिले आणि सगळं बंद असतं त्या दिवशी यांना उपाशी डोंगरात पाठवलं. रविवारच्या गाड्या वेगळ्या, हेही पाहिलं नाही. श्याम शेजारी उभा राहून ऐकत होता. हसला असता तर मी खोकं त्याच्या डोक्यात घातलं असतं.

"तिथेच थांबा," मी म्हटलं, "मी दुसरी गाडी बघते, मोबाइल..."

"आमी बसलो पण गाडीत. एक तासानं होती दुसरी. नयनानं फळा वाचला, मी फलाट शोधला. भाकरी खाल्ली. बोंबील काढला तर डबा रिकामा झाला, ऐसपैस बसलोय." तिच्या मागे नयना खिदळत होती. "नदी हाय बाजूला, झाडा पिवळी झालीत. तुमाला दाखवू?"

"फोन आत ठेव, थंडी आहे. तिकीट तपासनीस आला होता का? सीमेपलीकडचं तिकीट जपून ठेवा."

"आला होता. गुड मॉर्निंग बोलून पुढे गेला." मग अगदी हळू म्हणाली, "ताई, मना काय वाटला सांगू? तीन दिवस झाले. गाडीत बसतो, उतरतो, परत बसतो. कुठं जाताव, कोणाबरोबर जाताव, कोणी काय विचारलाच नाय. कोणीच नाय."

 मत्सर वाटला, हे लिहून ठेवते. तिचं कौतुक वाटलं, आणि त्याच्या दुप्पट संताप आला. इतकं साधं असतं हे? मग आम्हाला एवढी वर्षं कुणी, कशासाठी कागद मागितले?

फोन ठेवल्यावर श्यामनं पाण्याचा पेला हातात दिला आणि समोरच्या खोक्यावर बसला. म्हणाला, "नाशिकला गेल्यावर तू अर्ज कर. तिथे तुझा कुणी स्पॉन्सर नसेल. माझं पत्र लागणार नाही." मी म्हटलं, करणारच आहे. रविवार बघून करणार आहे. तो म्हणाला, "मग आपण एप्रिलमध्ये जाऊ, थंडी कमी असेल."

मी म्हटलं, "आपण नाही. मी जाणार आहे. तुला यायचं असेल तर मला विचार."

तो उठून उभा राहिला आणि त्यानं विचारलं, नीट, माझ्याकडे बघून. मी अजून उत्तर दिलेलं नाही.